‘एनीवन डिड नॉट कम’ का चुकतं? वॉर्डातल्या नव्या मुलींना कसं समजावू?

रातपाळी_खानापूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात सीनियर स्टाफ नर्स आहे, गाव खानापूर तालुक्यातलं. आमच्या वॉर्डात ज्या नव्या मुली लागतात त्यांतल्या बऱ्याच मराठी माध्यमातून शिकलेल्या, काही कन्नड माध्यमातल्या. कामाला एकदम चोख. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्या पेशंटला सुद्धा एका टोचणीत सलाईन लावतात. पण पाळी बदलताना हँडओव्हरच्या वहीत जे लिहावं लागतं ते इंग्रजीत, आणि तिथं सगळ्या एकाच जागी अडकतात. कोणी, काही, कोणीही, सगळे, दोन्ही हे शब्द इंग्रजीत न्यायचे म्हटलं की पेन थांबतं.

वहीतली वाक्यं जशीच्या तशी देते:

‘एनी रिलेटिव्ह इज नॉट विथ पेशंट.’
‘पेशंट डिड नॉट ईट नथिंग.’
‘एव्हरीवन वेअर इन्फॉर्म्ड.’
‘बोथ रिपोर्ट्स नॉट रिसीव्हड.’

पहिल्या तीन वाक्यांचा अर्थ निदान कळतो. चौथ्याचा खरंच घोळ झाला. सीबीसी (रक्ताची तपासणी) आणि सोनोग्राफी असे दोन रिपोर्ट यायचे होते. दिवसपाळीच्या मुलीला म्हणायचं होतं की दोन्ही आले नाहीत, म्हणजे एकही आला नाही. रातपाळीच्या केरळच्या सिस्टरनं वाचलं की दोन्ही आलेले नाहीत, म्हणजे एक आलाय आणि एक यायचाय. ती आलेला रिपोर्ट शोधत बसली, फाईल उलटीपालटी केली, वॉर्डबॉयला लॅबला पिटाळलं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा तिघं तीन तऱ्हेचं सांगत होते. पेशंटला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मी मुलींना बसवून गाईडातला नियम सांगितला: होकारात सम, नकारात एनी. तर त्यांतली एक म्हणाली, ‘मॅडम, नकार आहे म्हणूनच तर एनी लिहिलंय. एनी रिलेटिव्ह इज नॉट. यात चुकलं काय?’ नियमाप्रमाणे ती बरोबर आहे! वाक्य चुकलंय हे मला दिसतं, पण का चुकलंय ते तिला पटेल असं सांगता येत नाही. नुसतं लाल पेनानं खोडून काय होणार, उद्या दुसरं वाक्य तसंच लिहिणार. या पोरी हुशार आहेत, त्यांना कारण दिलं की त्या विसरत नाहीत. इंग्रजी शिकवणारं कोणी इथं असेल तर जरा उलगडून सांगा. व्याकरणातली मोठी नावं नकोत, वॉर्डात उभ्या उभ्या सांगता येईल असं हवं.


निपाणीकर_मास्तर

ताई, तुमच्या त्या मुलीनं नेमकं विचारलं. ‘होकारात सम, नकारात एनी’ हा नियम गाईडात अर्धाच छापतात. मी निपाणीला हायस्कूलवर इंग्रजी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायकांची पोरं माझ्या वर्गात असायची. घरी मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी. त्यांच्या वहीतही हेच वाक्य असायचं, त्यामुळं यावर मी बराच विचार केलाय. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

मराठी व्याकरणात मूळ सर्वनामं नऊ मोजतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. या यादीत समवन, एनीवन, नोबडी यांच्यासाठी वेगळे शब्द नाहीत. कोण आणि काय हे दोनच शब्द प्रश्नालाही लागतात आणि अनिश्चितालाही. आपल्या भागात तर ‘घरात कोण नाही’ असं सरळ म्हणतात, त्यात प्रश्न नसतोच. मग त्याच कोणला आपण शेपट्या जोडतो. कोणीतरी आलं. कोणीही येऊ दे. कोण बी आलं नाही.

आता नीट बघा. ‘कोणीही’ हा शब्द स्वतः नकारी नाही. ‘हे काम कोणीही करेल’ यात नकार कुठं आहे? नकार आणतं ते ‘नाही’, आणि ते येतं वाक्याच्या टोकाला. ‘पेशंटजवळ कोणीही नातेवाईक...’ इथवर ऐकून आहे की नाही ते कळत नाही, आणि आपल्याला त्याची अडचणही वाटत नाही. आपण शेवटच्या शब्दापर्यंत थांबतो.

इंग्रजी तसं थांबत नाही. तिथं एनीला स्वतःच्या आधी नकार लागतो. ‘आय डिड नॉट सी एनीवन’ बरोबर, कारण नॉट आधी आलं आणि एनीवन त्याच्या मागून. ‘एनीवन डिड नॉट कम’ यात एनीवन दारातच उभं आणि नॉट मागं राहिलं, म्हणून चुकलं. कर्ता पहिल्याच जागी बसतो, त्याच्या आधी नॉटला जागाच नाही. मग नकार कर्त्याच्याच पोटात घालावा लागतो: ‘नोबडी केम.’ ‘नो रिलेटिव्ह इज विथ द पेशंट.’

मुलींना एवढंच सांगा: एनी लिहायच्या आधी डावीकडं बघ. नॉट आहे? लिही. नाही? मग नो लाव आणि पुढचं क्रियापद साधं ठेव.

नॉटशिवाय आणखी काही शब्द आहेत जे एनीला आधार देतात. विदाउट, बिफोर, इफ, हार्डली. ‘ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन.’ ‘इफ एनीवन आस्क्स, कॉल मी.’ यांत उघड नकार नाही, पण गोष्ट घडली असं ठाम विधानही नाही. प्रश्नाचं तसंच. ‘हॅज एनीवन कम?’ अजून माहीत नाही, म्हणून एनी. आणि ‘कोणीही चालेल’ या अर्थाचं एनी मात्र खुशाल पहिल्या जागी बसतं, त्याला नकार लागत नाही: ‘एनीवन कॅन डोनेट ब्लड हिअर.’ मुलींच्या मनात गोंधळ होतो तो बहुतेक इथंच, कारण आपल्या ‘कोणीही’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र राहतात.

‘डिड नॉट ईट नथिंग’बद्दल. मराठीत ‘काहीच खाल्लं नाही’ म्हणताना ‘काहीच’ नकाराला जोर देतं, दोन नकार होत नाहीत. नथिंगमध्ये नकार आधीच भरलेला आहे. 14 व्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काळच्या इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन नकार एकाच अर्थानं बिनदिक्कत चालायचे, आजही इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी बोलींत चालतात. प्रमाण लिखाणातून ते गेले आणि 18 व्या शतकातल्या व्याकरणकारांनी दोन नकार मिळून होकार होतो असं ठासून सांगितलं. तेव्हा त्या मुलींच्या डोक्यात काही उलटं चाललंय असं समजू नका. वहीत मात्र एकच नकार: ‘एट नथिंग’ किंवा ‘डिड नॉट ईट एनीथिंग’.

तुमच्या वॉर्डात खाटेवर एनबीएमची पाटी लावतात ना? नथिंग बाय माउथ. तीच दाखवा. त्या पाटीवर नॉट नाही, डोन्ट नाही, तरी पेशंटला पाण्याचा घोट देत नाहीत. सगळा नकार नथिंगमध्ये आहे. याहून चांगलं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नव्हतं.

आता बोथ. यात खरा धोका आहे, तुम्ही म्हणता तसाच. मराठीत ‘दोन्ही आले नाहीत’ म्हणजे बहुतेक वेळा एकही आला नाही. इंग्रजीत बोथ आणि नॉट एकत्र आले की वाचणारा दोन्हीकडं जाऊ शकतो. त्यामुळं बोथबरोबर नॉट लिहायचंच नाही असा वॉर्डाचा नियमच करा. एकही आला नसेल तर ‘नायदर रिपोर्ट हॅज कम.’ एक आला असेल तर कुठला ते नावानं: ‘सीबीसी रिसीव्हड, सोनोग्राफी पेंडिंग.’ तीन किंवा जास्त असतील तर नायदर चालत नाही, तिथं नन: ‘नन ऑफ द थ्री रिपोर्ट्स हॅज कम.’ इथं हॅव लिहिलेलंही चालतं, त्यावरून कोणाला टोकू नका.

हाच घोळ एव्हरीवनचा. ‘एव्हरीवन डिड नॉट टेक द मेडिसिन’ म्हणजे कोणीच घेतलं नाही की काहींनी घेतलं? काहींनी घेतलं असेल तर नॉट उचलून पुढं ठेवा, ‘नॉट एव्हरीवन टुक द मेडिसिन.’ कोणीच नसेल तर ‘नो वन टुक द मेडिसिन.’ नो वन हे दोन सुटे शब्द लिहायचे, नोबडी जोडून.

एव्हरीवन वेअर नव्हे, वॉज. आपलं ‘सगळे’ अनेकवचनी आहे म्हणून हात आपोआप वेअरकडं जातो. एव्हरीवनच्या आत वन बसलाय, एकेक माणूस धरून मोजल्यासारखा, म्हणून क्रियापद एकवचनी. ईच, समवन, एनीबडी, नोबडी, सगळ्यांचं तेच.


अथणीची_सून

अक्का, माझं माहेर बेळगाव, शहापूरचं, मराठी. सासर अथणीला, घरात पूर्ण कन्नड. तुमच्या कन्नड माध्यमाच्या मुलींसाठी एक गोष्ट सांगते, कारण मी कन्नड शिकले तेव्हा मला इंग्रजीचंही उलगडलं होतं.

कन्नडमध्येही प्रश्नाचाच शब्द घेऊन शेपटी लावतात, पण आपल्यापेक्षा जास्त काटेकोरपणानं. यार म्हणजे कोण. ‘यारो बंदार’ म्हणजे कोणीतरी आलंय, नक्की आलंय, फक्त ओळखलं नाही. हे समवन. ‘यारादरू बंदारेनु?’ म्हणजे कोणी आलंय का? हे एनीवन, प्रश्नातलं. ‘मन्याग यारू इल्ल’ म्हणजे घरात कोणी नाही. हे नोबडी. आणि ‘यारु बेकादरू माडबहुदु’ म्हणजे कोणीही करू शकतं, हे मास्तर म्हणाले ते दुसरं एनीवन.

म्हणजे मराठीच्या एका ‘कोणीही’त जे दोन अर्थ राहतात त्यांना कन्नडमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडच्या बहुतेक मुलींना बोलण्यापुरतं कन्नड येतंच. मराठी मुलीलाही विचारायचं, ‘हे कन्नडमध्ये सांगायचं तर यारू म्हणशील की यारु बेकादरू?’ यारू इल्ल म्हणाली तर नोबडी. यारु बेकादरू म्हणाली तर एनीवन. माझ्या नणंदेच्या मुलाला मी असंच शिकवते आणि तो पटकन धरतो.

फक्त यारादरूला जपून. ‘यारादरू ओब्बरु बर्री’ म्हणजे कोणीतरी एकानं या. तिथं इंग्रजीत समवन होतं, एनीवन नव्हे. शिवाय ‘यारू बंदिल्ल’मध्ये नकार शेवटीच आहे, अगदी मराठीसारखा. त्यामुळं कर्त्याच्या जागेची चूक कन्नड मुलींकडूनही तितकीच होते.

मला वाटतं आपल्या मुलांना तीन भाषांचं ओझं झालंय असं सारखं बोलतात तेव्हा हे कोणी सांगत नाही, की दोन भाषा आधीच असल्यामुळं तिसरीतल्या गाठी सुटायला मदतही होते. शिक्षकांनी ती करून घेतली पाहिजे.


उद्यमबाग_शिफ्ट

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. दवाखान्यासारखंच आमचंही शिफ्ट रजिस्टर असतं. दोन गोष्टी.

एक, एनीवन आणि एनी वन. ‘कीप एनी वन ऑफ द थ्री कीज इन द ऑफिस’ यात सुटं, कारण तीन किल्ल्यांपैकी कुठलीही एक. पुढं ऑफ आलं की सुटं लिहायचं आणि वस्तूंसाठीही चालतं. जोडून लिहिलेलं एनीवन फक्त माणसासाठी. एव्हरीवन, एव्हरी वनचंही तसंच.

दोन, रजिस्टरमध्ये समवन नको. आमच्याकडं ‘समवन शुड चेक द लॅडल बिफोर पोअरिंग’ असं लिहिलेलं असायचं. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं. ओतायच्या आधी ती तपासायची, आणि कोणी? कोणीतरी. वाक्य व्याकरणात शंभर टक्के बरोबर, कामाला शून्य. मी आता नाव किंवा निदान पद लिहायला लावतो. ताई, तुमच्या वहीतही ‘समवन इन्फॉर्म्ड द डॉक्टर’ असेल तर कोण ते लिहायला सांगा. समवन हा शब्द माणूस माहीत नसेल तेव्हाचा आहे, इथं माणूस माहीत असतो.

एक शंका मास्तरांना. आमच्या सेफ्टीच्या बोर्डवर ‘एव्हरीवन मस्ट वेअर हिज हेल्मेट’ आहे. आता मुलीही कामाला आहेत. हिज ऑर हर करू की देअर? एव्हरीवन एकवचनी म्हणालात, मग देअर कसं?


निपाणीकर_मास्तर

देअर करा, निर्धास्त. क्रियापद एकवचनी आणि पुढचं सर्वनाम दे, देअर, ही जोडी इंग्रजीत 14 व्या शतकापासून आहे, हल्लीची फॅशन नव्हे. हिजचा आग्रह नंतर धरला गेला. 1850 साली ब्रिटिश पार्लमेंटनं तर कायद्यांच्या भाषेपुरता कायदाच केला की पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही आल्या असं धरावं. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला हिज त्याच वळणाचा. ‘एव्हरीवन मस्ट वेअर देअर हेल्मेट’ आज कुठंही चालतं. नाहीतर सरळ ‘हेल्मेट्स मस्ट बी वॉर्न’ लिहा, वादच नाही.

हेच बोलताना शेवटच्या छोट्या प्रश्नात दिसतं. ‘नोबडी केम, डिड दे?’ ‘एव्हरीवन हॅज ईटन, हॅवन्ट दे?’ वस्तू असेल तर इट: ‘नथिंग हॅपन्ड, डिड इट?’ नोबडी आणि नथिंगनंतर होकारी डिड येतं ते पाहा. नकार आधीच झालाय.


रातपाळी_खानापूर

मास्तर, अथणीच्या वहिनी, उद्यमबागचे दादा, तुमचे फार फार आभार. चहाच्या वेळी मुलींना घेऊन बसले. ‘डावीकडं बघ’ हे एका दमात पटलं. ज्या मुलीनं प्रश्न केला होता तिनंच मग जुन्या पानांवरची वाक्यं काढून इतरांना दाखवली, कुठं नॉट मागं राहिलाय ते. यारू आणि यारु बेकादरूवर तर कन्नड मुलींनी मराठी मुलींना शिकवलं, मी नुसती बघत होते. बोथबरोबर नॉट लिहायचं नाही हे वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय.

आता आणखी दोन गोष्टी विचारते, याच पोटातल्या आहेत. कॅम्पातले आणि गोव्याकडून येणारे काही पेशंट इंग्रजीत बोलतात. त्यांना मुली विचारतात, ‘इज समथिंग पेनिंग?’ प्रश्नात एनी म्हणालात, मग हे चुकीचं का? दुसरं, इनटेकच्या, म्हणजे पेशंटनं काय खाल्लं-प्यायलं त्याच्या शेऱ्यात ‘टुक लिटल’ आणि ‘टुक अ लिटल’ असं दोन्ही दिसतं. फरक आहे का?


निपाणीकर_मास्तर

पेनिंगच्या जागी हर्टिंग शिकवा, तेवढं सोडलं तर दोन्ही बरोबर आणि दोन्हींचा उपयोग वेगळा. राउंडला प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारायचं ते ‘इज एनीथिंग हर्टिंग?’ काही दुखतंय का, असेल नसेल. पण पेशंटनं कूस बदलताना तोंड वाकडं केलेलं तुमच्या मुलीनं पाहिलं, तर ‘इज समथिंग हर्टिंग?’ तिनं पाहिलंय, तिला हो असं उत्तर येणार असं वाटतंय. पेशंटलाही तो फरक ऐकू येतो, आपल्याकडं कोणाचं तरी लक्ष आहे हे त्याला त्या एका शब्दावरून कळतं. म्हणूनच काही देऊ करतानाही सम: ‘वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?’ तिथं एनीथिंग चुकीचं नाही, पण समथिंगमध्ये घ्या ना असा आग्रह आहे. पाहुण्याला ‘काहीतरी घ्या की’ म्हणतो तसं.

‘समथिंग हॉट’, ‘नथिंग सिरियस’, ‘एनीथिंग अनयूज्वल’ यांत विशेषण मागून येतं. मराठीतही ‘काहीतरी गरम’ असंच म्हणतो, त्यामुळं इथं मुली सहसा चुकणार नाहीत.

लिटल आणि अ लिटलचा फरक तुमच्या कामात मोठा आहे. ‘टुक लिटल’ म्हणजे जेमतेम घेतलं, जवळजवळ नाहीच, काळजीची गोष्ट. ‘टुक अ लिटल’ म्हणजे थोडं का होईना घेतलं, सुधारणा आहे. एका ‘अ’वर डॉक्टर सलाईन चालू ठेवायचं की थांबवायचं याचा विचार करू शकतात. फ्यू आणि अ फ्यूचं हेच, मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी: ‘एट अ फ्यू स्पूनफुल्स’ म्हणजे चार घास गेले, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे गेल्यासारखे नाहीत.


रातपाळी_खानापूर

पाण्याचा आणि पेजेचा आकडा मिलीलिटरमध्ये लिहायचा नियम आमच्याकडं आहेच, पण शेऱ्यात हे दोन शब्द येतात आणि त्यावर बोलणी होतात. मुलींना सांगते की शेऱ्यात लिटल लिहिलं तर शेजारी आकडा आहे का ते बघायचं, आणि घेतलं असेल तर ‘अ’ विसरायचा नाही. एनीथिंग आणि समथिंगचं आज रात्रीच राउंडला करून बघतो आम्ही. मास्तर, कधी बेळगावला आलात तर जरूर कळवा, मुलींना तुम्हाला भेटायचंय.